वर गेलेलं कपाट

सामान हलवण्याच्या कामात आम्ही तिला मुकादम म्हणायचो. टेम्पो तिचा, दोरखंड तिचे, गोधड्या तिच्या आणि तोंडही तिचंच. मी ओझी उचलायचो.

नवा गडी घेताना ती त्याचे दंड बघत नसे. त्याच्या घरी जायची, त्याला बाहेर पिटाळायची आणि बायकोला विचारायची, "हा घरी कसा वागतो गं?" उत्तर ऐकायच्या आधी चेहरा बघायची. घरी हात उगारणाऱ्याने तिच्या ओझ्याला हात लावायचा नाही, हा नियम. एका धिप्पाड गड्याला तिने असंच परत पाठवलं आणि त्याच्या वाटणीचा फ्रीज मला वाहावा लागला. तत्त्वं तिची, पाठ माझी.

अधूनमधून मदत केंद्राकडून काम यायचं. मार खाणाऱ्या बाईला घरातून काढायचं, सामानासकट. बाई कुठल्या भाषेची, कुठल्या देवाची, हे मुकादम कधी विचारत नसे. विचारायची एवढंच, "जिना किती रुंद? आणि तो कधी परततो?" मला बजावायची, "तक्रार द्यायची की नाही ते तिचं ती ठरवेल. तू सामान उचल. सल्ले देऊ नकोस."

असंच एक घर, तिसऱ्या मजल्यावर. बाईच्या भुवईवर ताजे टाके. मागे एकदा ती निघाली होती, तेव्हा नवऱ्याने दारातच गाठून, गोड बोलून परत आत नेली होती. "या वेळी त्याने बघितलं तर माझं निघणं होणार नाही," तिने सरळ सांगितलं. तो संध्याकाळी येणार होता.

टेम्पोत जड वस्तू आधी चढते. म्हणून पहिलं कपाट काढलं, गोधड्यांत गुंडाळून दोराने आवळलं. मी वरच्या बाजूला, मुकादम खालच्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आलो आणि खालून एक इस्त्रीचा शर्ट वर आला. बाईच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. तोच माणूस. भर दुपारी! मी डोळे एवढे विस्फारले की मुकादमला सगळं कळलं.

"अहो, जरा वाट देता का?" तो म्हणाला. आवाज अगदी मऊ.

"वाट कुठून देऊ, दादा? हे वर गेल्याशिवाय कुणी वर जात नाही." उतरणारं कपाट तिने एका वाक्यात चढतं केलं. "पाचव्यावर न्यायचंय आणि माझ्या गुडघ्याने दगा दिलाय. तुम्ही चांगले मर्द दिसताय. धरा की!"

आता मर्द म्हटल्यावर माणूस काय करणार? त्याने बॅग तिच्या हातात दिली आणि खालची बाजू धरली.

"बाई, दार लावून घ्या!" मुकादम वर तोंड करून ओरडली. "कपाट घासेल!"

वर दार लागलं. आम्ही चढू लागलो, मी पाठमोरा, मुकादम त्याच्या मागे.

"तिसऱ्यावर माझंच घर आहे," तो धापा टाकत म्हणाला. "तिथे सोडतो मी."

"सोडा खुशाल. घसरून तुमच्याच छातीवर येईल," मागून मुकादम म्हणाली.

तो गुमान चढत राहिला, स्वतःचं कपाट घेऊन, स्वतःच्या दारावरून. आम्ही पुढच्या वळणावर पोहोचलो तशी खाली कडी वाजली. तो वळायला गेला.

"मागे बघू नका, तोल जाईल! डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!" मुकादम ओरडली.

जिन्यावरून बाईची पावलं उतरू लागली, आणि त्याची बॅग घेऊन मुकादमही गुपचूप तिच्यामागे सटकली. मी खोकत सुटलो. इतका खोकलो की त्याला माझी काळजी वाटली.

पाचव्या मजल्यावर कपाट टेकवलं. तो घामाने निथळत होता.

"काय भरलंय यात, भाऊ?"

"एका बाईचा संसार," मी म्हणालो. "किल्ली घेऊन येतो. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

"निर्धास्त जा," म्हणाला आणि पहाऱ्याला उभा राहिला. बोलायला सभ्य. बाहेर सभ्यच असतात.

मी खाली कसा पोहोचलो ते विचारू नका. टेम्पो सुरूच होता. त्याची बॅग मुकादमने त्याच्याच दाराला अडकवली होती. पुढच्या सीटवर दोघींच्या मधे पुस्तकांचं एक खोकं. लग्नानंतर त्याने बाईचं शिक्षण बंद पाडलं होतं, त्या शिक्षणाची पुस्तकं.

"कपाट राहिलं हो तुमचं," मी म्हणालो. तीन मजले वर नेलेल्या ओझ्याचं मला वाईट वाटत होतं.

"राहू द्या. आत सगळे कपडे त्याच्या पसंतीचे," बाई म्हणाली. मग तिला हसू फुटलं, आणि टाके दुखले म्हणून तिने भुवई दाबली.

केंद्राने दिलेली खोली दुसऱ्या मजल्यावर होती. मी खोक्याला हात घातला.

"मी नेते," ती म्हणाली.

तिने खोकं उचललं, गुडघे ताठ, सगळा भार कमरेवर. साफ चूक. मी तोंड उघडलं, तोच मुकादमने माझ्या पायावर पाय दिला, पूर्ण वजनानिशी. बाई वळणावर थांबली, खोकं मांडीवर टेकवून दम घेतला आणि पुन्हा निघाली. आम्ही दोघं मागून चढलो. रिकाम्या हातांनी जिना चढायची मला सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत कळेना.