सहा रेड, फक्त बोनस

पेडणेकर सर माझ्या क्लिनिकच्या पॅसेजमध्ये डाव्या पायावर उभे होते. उजवा पाय मागे दुमडलेला, हात भिंतीला टेकलेला.

"सर, हात काढा," मी म्हटलं. "हात लावून टेस्ट होत नाही."

"काढतो. घाई करू नका."

सरांचं वय अठ्ठावन्न. कारखान्यातली नोकरी करून रिटायर झालेले आणि विक्रोळीतल्या एका मुलींच्या कबड्डी संघाचे कोच. मी त्याच भागात फिजिओथेरपिस्ट आहे, सोळा वर्षं. टेस्ट खरं तर सरांची नव्हतीच. ती होती तेजलची, आणि ती नुकतीच त्यात नापास झाली होती. सरांचं म्हणणं, ही टेस्टच बोगस आहे, यात कोणीही नापास होईल. ते सिद्ध करायला ते स्वतः उभे राहिले होते.

टेस्ट साधी असते. एका पायावर उभं राहायचं, पुढे उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि न डगमगता थांबायचं. मग दुसऱ्या पायाने तेच. मी टेपने दोन्ही अंतरं मोजते. दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के जायला हवा. तेजलचा उजवा पाय दीडशे सेंटीमीटर गेला, ऑपरेशन झालेला डावा एकशे एकोणतीस. म्हणजे शहाऐंशी टक्के.

सरांनी हात काढला आणि उडी मारली. अंतर फारसं पडलं नाही. उतरताना त्यांच्या पोटरीत गोळा आला. दाराच्या चौकटीला धरून ते "आई गं" म्हणाले आणि तिथेच खाली बसले. तेजल आणि मी दोघींनी मिळून त्यांना बेडवर घेतलं. मी पोटरी ताणून दिली, वर आइसपॅक ठेवला.

"बघितलं?" सर झोपल्या झोपल्या म्हणाले. "मी पण नापास. मग काय, मी अनफिट झालो?"

"सर, तुम्ही शनिवारी खेळणार नाही आहात."

भांडण शनिवारचं होतं. विलेपार्ल्याला एक स्पर्धा होती आणि तिथे एका कंपनीच्या संघाचे निवडकर्ते येणार होते. कंपनी खेळाडू मुलींना नोकरी देते. तेजल साळवे वीस वर्षांची, त्या भागातली सगळ्यात चांगली रेडर. रेडर म्हणजे 'कबड्डी कबड्डी' म्हणत एकटीने पलीकडच्या सात जणींत घुसून, कोणाला तरी शिवून, श्वास न सोडता परत येणारी. दहा महिन्यांपूर्वी अशाच एका रेडमध्ये तिचा पाय मॅटला चिकटला आणि अंग फिरलं. एसीएल तुटली.

एसीएल ही गुडघ्याच्या आतली दोरी. मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून ती असते. सर्जनने तिच्याच मांडीमागचा एक स्नायूबंध काढून नवी दोरी बसवली होती. ती मुरायला वेळ लागतो. गंमत अशी, की दुखणं आधी थांबतं आणि दोरी नंतर पक्की होते. मधल्या काळात पेशंट म्हणतो, मी एकदम झकास आहे. मला सगळ्यात जास्त भीती याच काळाची वाटते.

तेवढ्यात साळवेताई आल्या, तेजलची आई. पोस्टात काउंटरवर असतात. त्यांनी पर्स खुर्चीला अडकवली आणि बेडवर कोच झोपलेले बघितले.

"ह्यांना काय झालं?"

"टेस्ट दिली," तेजल म्हणाली.

साळवेताईंनी जास्त काही विचारलं नाही. त्या बेडच्या बाजूलाच खुर्ची ओढून बसल्या, त्यामुळे सरांना त्यांच्याशी वर बघून बोलावं लागलं.

"ताई, ही संधी परत येत नाही," सर म्हणाले. "मी काय म्हणतो, तिला वीस रेड खेळू द्या."

"शून्य," ताई म्हणाल्या.

"बरं, पंधरा."

"सर, शून्याच्या पुढे मी जाणार नाही. तीन महिने तिला मी बाथरूमपर्यंत धरून नेलंय. तुम्ही नेलंय का?"

"पेढे घेऊन आलो होतो ना भेटायला."

"पेढे तुम्हीच खाल्लेत."

सर चिडले की मालवणीत उतरतात. "माका कबड्डी शिकवू नका," असं काहीतरी ते छताकडे बघत पुटपुटले. मी तेजलला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"लागतील तितक्या," ती म्हणाली. ती दोघांपैकी कोणाकडेही बघत नव्हती, स्वतःच्या गुडघ्यावरच्या व्रणाकडे बघत होती.

मला तिघांचंही पटत होतं, आणि तिघांपैकी कोणाचंच ऐकणं शक्य नव्हतं. नियमाने मी 'नाही' म्हणून मोकळी झाले असते. पण मी या मुलींना ओळखते. सरळ 'नाही' म्हटलं की त्या दुसऱ्या कोणाकडून तरी 'हो' आणतात, आणि मग वीस रेड खेळतात. आदल्या दिवशी मी तिच्या सर्जनशी फोनवर बोलले होते. ते म्हणाले, कमी धोक्याचं काहीतरी खेळवून बघ, पण झटापट नको.

म्हणून मी बोनसचं काढलं. पलीकडच्या अंगणात आत एक बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात जणी असतील, तर रेडरने एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवायचा, दुसरा पाय त्या क्षणी हवेत पाहिजे, की एक गुण. कोणाला शिवावं लागत नाही. तेजलने उजवा टेकवायचा आणि डावा हवेत ठेवायचा. म्हणजे सगळा भार चांगल्या पायावर.

"सहा रेड," मी म्हटलं. "फक्त बोनस. समोर पाच उरल्या की जायचं नाही. स्वतः कोणाची पकड करायची नाही. आणि तुला कोणी पकडलं, तर सुटायची धडपड करायची नाही. तिथेच खाली बसायचं."

मग तेजल म्हणाली, "बसायचं?"

"बसायचं."

"मॅडम, मग मी तिकडे जाऊन करू काय? हजेरी लावू? लोक मला ओळखतात. तीन-तीन जणींना ओढत आणलंय मी लाइनपर्यंत." ती माझ्याकडे वळली. "त्यापेक्षा नका खेळवू."

सर उठून बसले. आइसपॅक खाली पडला. मला वाटलं आता हे तिची बाजू घेणार.

"तेजू," ते म्हणाले, "दहा महिने तू नाहीस, तर मी बेंचवर तुझी बाटली ठेवतो. वेड्यासारखा. सहा तर सहा. ये तू."

तेजलने मान डोलावली. साळवेताई खिडकीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं. "लेखी पाहिजे," त्या म्हणाल्या.

माझ्या लेटरहेडवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात सगळं उतरवलं. चार कलमं. खाली माझी सही, सरांची, तेजलची आणि त्यांची स्वतःची. सरांनी विचारलं, तिकीट लावायचं का. ताईंनी कागद पर्समध्ये ठेवला.

शनिवारी मीही गेले. असा अर्धवट खेळ मी आधी कधी कोणाला लिहून दिला नव्हता, आणि घरी बसून माझ्याच्याने राहवलं नसतं. मॅटच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला साळवेताई, कागद हातात. निवडकर्ते शेट्टीसाहेब मधल्या टेबलाशी वही घेऊन बसले होते.

पहिल्या रेडला तेजल आत गेली, उजवा पाय रेषेपलीकडे टेकवला, डावा हवेत, आणि परत. बोनस. ताईंनी एक बोट उघडलं. दुसऱ्या रेडला पुन्हा बोनस. तिसऱ्या रेडला तेजल डावीकडे थोडी जास्त वाकली, समोरची मुलगी अगदी हाताच्या अंतरावर होती. मला माझ्याच पोटरीत गोळा येतोय असं वाटलं. तिने हात मागे घेतला आणि रिकामी परत आली. लोकांतून कोणीतरी ओरडलं, "अरे, शिव ना तिला, पाहुणी आहे का ती?"

चौथ्या रेडला समोरच्या कोपऱ्यातल्या मुलीने तिची कंबर धरली. आणि तेजल खाली बसली. कलमात लिहिलं होतं तशी, मांडी घालून.

जिने पकडलं होतं ती इतकी घाबरली, की हात सोडून म्हणाली, "लागलं का गं तुला?" पंच धावत आले. स्ट्रेचर आणू का, म्हणून एकाने विचारलं. तेजल म्हणाली, "नाही, मी आउट आहे," आणि उठून चालत बाहेर गेली. सरांनी टॉवेल डोक्यावर घेतला.

संघाने पुढे समोरची एक आउट केली, तेव्हा नियमाप्रमाणे ती परत आत आली. पाचव्या रेडला बोनस. सामन्यातली शेवटची एकच रेड उरली, तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. समोर पाच जणी, म्हणजे बोनस नाही. आत जाऊन एकीला तरी शिवायला हवं होतं. तेजलची एक रेड शिल्लक होती. ती मधल्या रेषेपाशी उभी होती. सर माझ्याकडे बघत होते. मी साळवेताईंकडे बघितलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खाली बघत राहिल्या.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला थांबवायला माझ्या हातात काही नव्हतं. ती गेली असती तर गेली असती.

तेजल मागे वळली. "सानिका, तू जा," ती म्हणाली. "उजवीकडची लवकर पाय पुढे टाकते. तिला शिव आणि पळ."

सानिका संघातली दुसरी रेडर, अठरा वर्षांची. ती गेली, उजवीकडचीला जवळजवळ शिवली, आणि तिघींनी तिला उचललं. आम्ही दोन गुणांनी हरलो. तेजल तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली. दोघी रडत होत्या. पेडणेकर सर माझ्याशी बोलले नाहीत.

मग शेट्टीसाहेब आले. "त्या मुलीला काय झालंय?"

"काही नाही," सर लगेच म्हणाले. "एकदम फिट आहे, साहेब. हंड्रेड पर्सेंट."

"शहाऐंशी," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची किडनी विकलीय. साळवेताईंनी पुढे होऊन कागद दिला. शेट्टीसाहेबांनी तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला, सह्यांसकट.

"ती मुद्दाम बसली?"

"मुद्दाम," तेजल मागून म्हणाली. "मला बसायचं नव्हतं."

"माझ्याकडे येणारी प्रत्येक मुलगी हंड्रेड पर्सेंट असते," ते म्हणाले. "गेल्या सीझनला त्यातल्या दोघींचं ऑपरेशन झालं. शहाऐंशी मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं." त्यांनी कागद परत दिला. "तीन महिन्यांनी ट्रायल आहे. नवी टेस्ट करून घेऊन या."

त्या दिवशी त्यांनी निवड समोरच्या संघातल्या मुलीची केली. आमच्यातल्या कोणाचीच नाही. सर पंधरा दिवस माझ्या फोनला उत्तर देत नव्हते. मग पोटरी पुन्हा धरली, तेव्हा आले.

तीन महिन्यांनी तेजलचा डावा पाय त्र्याण्णव टक्के गेला. ट्रायलला ती हव्या तितक्या रेड खेळली आणि एक वर्षाच्या करारावर लागली. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाजावरून वाटलं काहीतरी बिनसलंय. तिथल्या कोचने तिला खास बोनससाठी ठेवलं होतं. "तुमच्यामुळे," ती म्हणाली. अजून म्हणते.

गुडघा सर्जन जोडतो. व्यायाम मी सांगते आणि पेशंट करतो. यात फारसं अडत नाही. माझा निम्मा वेळ जातो, तो गुडघा ज्यांचा नसतोच अशा माणसांत. म्हणून मी क्लिनिकच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला आहे: 'पेशंटने कधी खेळावं याबद्दल मत असलेल्या व्यक्तींची नावं.' त्या सगळ्यांना मी पहिल्याच दिवशी बोलावते. आणखी चार खुर्च्या घ्याव्या लागल्या.