एकाच घरातून दोन अर्ज

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे सुई म्हणायचे. रक्त काढताना तिचा हात इतका हलका चालायचा की किरकिरं पोरसुद्धा मुकाट बसायचं, आणि तोंड इतकं टोकदार की पोराची आईच रडकुंडीला यायची. "नऊ तास उपाशी राहायला सांगितलं होतं. बिस्किट कशात धरता तुम्ही, हवेत?" असं ती कुणालाही दारातच विचारायची. मी पुढच्या काउंटरवर बसते. नावं लिहून घेणं, रिपोर्ट देणं आणि सुईनं दुखावलेल्यांची समजूत काढणं ही माझी कामं. अकरा वर्षं आम्ही दोघींनी एका टेबलावर डबा खाल्ला, पण आमचं जमायचं असं काही मी म्हणणार नाही.

तिची हकीगत अशी. शाळेत ती हुशार होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेला महिना उरला असताना वडिलांना पक्षाघात झाला. आई आधीच गेलेली. मोठा भाऊ, म्हणजे तिचा दादा, नुकताच नोकरीला लागला होता, तोही दुसऱ्या गावी. वडिलांना भरवायला, पुसायला, कुशीवर वळवायला घरात उरली ती एकटीच. परीक्षा गेली. वर्षभरानं दादानंच टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म आणून दिला आणि म्हणाला, "तेही रक्ताचंच काम आहे." हे वाक्य ती मला कितीदा तरी सांगायची, आणि दर वेळी हसायची. ते हसणं ऐकायला बरं वाटायचं नाही.

वडील गेल्यावर ती दादाकडे राहायला आली. बाल्कनी बंद करून केलेली एक खोली तिला मिळाली. त्यात कॉट मावायची, पण कॉट घातल्यावर दार अर्धंच उघडायचं. वहिनी एरवी तिला ताई म्हणायची आणि चिडली की वन्सं. घरातला पारा किती चढलाय ते त्या एका शब्दावरून कळायचं.

सुई तेहतीस वर्षांची झाली तेव्हा दादाची मुलगी बारावीला आली. मुलीला डॉक्टर करायचं हे वहिनीनं ती पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं. मोठ्या क्लासला घातलं, उशीएवढी जाड पुस्तकं आली, आणि दादानं सुईला हुकूम सोडला, "तू दिवसभर त्यातच असतेस. हिची बायोलॉजी आणि केमिस्ट्रीची उजळणी तू घे. क्लासवाले नुसते पळवतात."

रोज संध्याकाळी सहा ते आठ, जेवणाच्या टेबलावर, उजळणी सुरू झाली. सुई शिकवायची तीही भांडल्यासारखी. समतोल अभिक्रिया भाचीच्या डोक्यात शिरत नव्हती. एका बाजूचं प्रमाण वाढलं की अभिक्रिया दुसऱ्या बाजूला सरकते, हे तिनं तीन वेळा पाठ केलं आणि तीन वेळा उलटं सांगितलं. शेवटी सुई म्हणाली, "श्वास धर."

"काय?"

"श्वास धर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही." भाचीचा चेहरा लाल झाल्यावर ती बोलायला लागली. "आता तुझ्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय. त्याचं पाण्याबरोबर काय होतं? कार्बोनिक आम्ल. त्यातून काय सुटतं? हायड्रोजन आयन. मग रक्त कुठल्या बाजूला चाललं?"

भाचीनं श्वास सोडला आणि धापा टाकत म्हणाली, "आम्लाच्या."

"आता विसरून दाखव."

भाची विसरली नाही. तिचे मार्क वाढायला लागले. वहिनी शेजारपाजारी सांगायची की क्लास उत्तम आहे.

आणि सुईचं झालं ते असं, की भाचीला विचारण्यासाठी आदल्या दिवशी स्वतः वाचताना तिच्या लक्षात आलं की तिला सगळं येतंय. पंधरा वर्षांपूर्वीचं तर येत होतंच, शिवाय हातांनी केलेलंही होतं. पुस्तकात पेशीचं चित्र होतं, तिनं त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली रोज शंभर-शंभर करून मोजल्या होत्या. एका दुपारी डबा खाताना ती मला म्हणाली, "मी फॉर्म भरलाय."

"कसला?"

"तोच. वयाची अट काढलीय त्यांनी."

मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही. "डॉक्टर होऊन बाहेर पडशील तेव्हा तुझे केस पांढरे होतील गं."

"फॉर्म नाही भरला तरी होणारच आहेत," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

घरी तिनं महिनाभर सांगितलं नाही. मग एक दिवस टपालानं परीक्षेची, एकाच आडनावाची दोन पत्रं आली आणि वहिनीनं दोन्ही उघडली. संध्याकाळी सुई घरी पोचली तेव्हा टेबलावर पुस्तकं नव्हती, दोन पत्रं शेजारी शेजारी मांडून ठेवलेली होती.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "एकाच घरातून दोघींनी परीक्षेला बसायचं? लेकीच्या वयाच्या मुलीशी बरोबरी करायला लाज कशी वाटली नाही?"

"बरोबरी कसली? हजारो मुलं बसतात."

"हजारोंना तुम्ही शिकवत नव्हता. हिचं कुठं चुकतं, काय कच्चं आहे, सगळं काढून घेतलंत. आमच्या पैशाची पुस्तकं वाचलीत."

दादा खिडकीपाशी उभा होता. सुईनं त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "निदान विचारायचं तरी होतंस."

"तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

तो चिडला. बाबांचं आजारपण कुणाच्या हातात होतं का, मी नोकरी सोडून यायचं होतं का, इतकी वर्षं या घरात तुला काय कमी पडलं, हे सगळं त्यानं एका दमात काढलं. भाचीनं खुर्चीवर काढून ठेवलेली पुस्तकं उचलली, आपल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. नंतर सुई मला म्हणाली की दादाचं आणि वहिनीचं तिला काही वाटलं नाही, पण त्या किल्लीचा आवाज दोन दिवस कानात राहिला.

परीक्षेला अडीच महिने होते. सुई लॅबमध्ये अभ्यास करायला लागली. रद्द रिपोर्टांच्या कोऱ्या पाठींवर ती आठवणीतून लिहायची. मूत्रपिंडाच्या एका नळीचं चित्र, कुठल्या वळणावर काय शोषलं जातं, बेंझीनच्या कड्याला काय कुठं चिकटतं. नमुने मशिनमध्ये फिरत असत तेवढी दहा मिनिटं ती लिहायची, मशिन थांबलं की कागद खिशात. कामात तिची एकही चूक झाली नाही, हे मी सांगितलंच पाहिजे, कारण डॉक्टरांना मी तसं सांगितलं नाही.

आमचे डॉक्टर लॅबचे मालक. मी त्यांना एवढंच म्हणाले, "हल्ली तिचं लक्ष कागदांत असतं." का म्हणाले? मला तिची ती ऐट सहन होत नव्हती. मी काउंटरवरच म्हातारी होणार आणि ही निघून जाणार, हे मला पचत नव्हतं. डॉक्टरांनी तिला बोलावलं. "टेक्निशियन म्हणून तुम्ही उत्तम आहात. तेवढंच राहा," असं म्हणून त्यांनी तिची पंधरा दिवसांची रजा नामंजूर केली. परीक्षेच्या दिवसापुरती दिली, तीही बिनपगारी. ती बाहेर आली, माझ्या काउंटरपाशी क्षणभर थांबली आणि आत गेली.

घरी अबोला होता. त्यात एकच दिवस भाची तिच्या अर्ध्या उघडणाऱ्या दाराशी आली. हातात क्लासच्या नोट्स होत्या. खूप उलट्या झाल्या की रक्त आम्लाकडे झुकतं, असं त्यांत छापलेलं होतं.

"हे बरोबर आहे ना?" तिनं तुटक विचारलं.

"चूक आहे. पोटातलं आम्ल उलटीतून बाहेर गेलं, तर रक्तात आम्ल वाढेल कसं? रक्त अल्कलीकडे जातं. जुलाबात आम्लाकडे. त्यांनी अदलाबदल केलीय."

"क्लासच्या सरांनी लिहिलंय."

"सरांनी उलटीच्या पेशंटचा रिपोर्ट कधी बघितला नसेल. मी आठवड्याला चार बघते."

भाचीनं नोट्स मिटल्या. मग म्हणाली, "मी चुकावं असंच वाटत असेल ना तुला," आणि निघून गेली. सुई तिच्या मागे गेली नाही. पुस्तक उघडून तिला दाखवता आलं असतं, पण पुस्तक कुलपात होतं आणि किल्ली मागण्याइतकी ती वाकणार नव्हती.

परीक्षेच्या सकाळी दादा भाचीला स्कूटरवर घेऊन गेला. केंद्र एकच होतं. सुई बसनं गेली. शाळेच्या फाटकाबाहेर पालकांची गर्दी होती, आणि दाराशी तपासणी करणारी बाई तिला म्हणाली, "आई-बाबांनी इथंच थांबायचं." सुईनं प्रवेशपत्र पुढे केलं. मागच्या दोन मुली फिसकन हसल्या. भाची रांगेत चार माणसं पुढे होती. तिनं मागे वळून बघितलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

पेपरात उलट्यांचा प्रश्न आला.

निकाल लागला. सुईला जागा मिळाली, जवळच्या सरकारी कॉलेजात, यादीत बरीच खाली, पण मिळाली. भाची तीन मार्कांनी हुकली. बरोबर उत्तराला चार मार्क मिळायचे आणि चुकलं की एक कापला जायचा. उत्तरपत्रिकेची प्रत आली तेव्हा दादा पेन्सिल घेऊन बसला आणि त्या प्रश्नापाशी थांबला. भाचीनं क्लासचं उत्तर लिहिलं होतं.

"हे तर आत्यानं तुला सांगितलं होतं," दादा म्हणाला. बाल्कनीच्या खोलीच्या भिंती पातळ असल्यानं त्यानं सगळं ऐकलं होतं.

"हो."

"मग?"

"ती सांगते म्हणून लिहायचं नव्हतं मला," भाची म्हणाली. "बरोबर आहे ते माहीत होतं."

वहिनीनं हातातलं ताट ओट्यावर आदळलं. त्या दिवशी तिनं सुईला जे जे बोलून घेतलं ते मी इथं लिहीत नाही. आमच्या मुलीची जागा खाल्लीत, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. सुईनं दोन पिशव्या भरल्या आणि कॉलेज सुरू होईपर्यंत एका बाईकडे कॉट भाड्यानं घेतली. दादा जिन्यापर्यंत आला. "जाऊ नको," असं तो म्हणाला नाही. "पत्ता दे," एवढंच म्हणाला.

लॅब सोडली त्या दिवशी ती माझ्याकडे नावाचा बिल्ला द्यायला आली. मला राहवलं नाही. "डॉक्टरांना मीच सांगितलं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू माफी मागितली असतीस. मग मला माफ करावं लागलं असतं." तिनं बिल्ला काउंटरवर ठेवला. "तेवढा वेळ नव्हता मला."

कॉलेजात पहिले सहा महिने तिचे हाल झाले. मुलं तिला मॅडम म्हणायची, शिक्षक तिला बघून दचकायचे, आणि पाठांतरात अठरा वर्षांची पोरं तिच्या पुढे जायची. हे सगळं ती मला फोनवर सांगायची. का सांगायची ते मला कळत नाही. बहुतेक तिला दुसरं कुणी नव्हतं.

त्या हिवाळ्यात तिच्या फोनवर एक फोटो आला. भाचीकडून. वर आत्या नाही, खाली काही नाही, नुसतं रसायनशास्त्राचं एक गणित. भाची परीक्षेला पुन्हा बसणार होती. सुईनं उत्तर पाठवलं, "तिसरी ओळ चुकली. मोल काढ, ग्रॅम नको." दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो. असं चार-पाच महिने चाललं. कशी आहेस असं एकीनं विचारलं नाही, आणि दुसरीनंही नाही. एकदा उत्तर द्यायला सुईला दोन दिवस लागले, तर भाचीनं फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवलं. सुईला तेव्हा ताप होता. तिनं तापातच उत्तर लिहिलं आणि तापाचं काही सांगितलं नाही.

भाचीला पुढच्या वर्षी जागा मिळाली, दुसऱ्या शहरात, सुईपेक्षा कितीतरी वरच्या कॉलेजात. हे सुईला दादाकडून कळलं. वहिनी आता सगळ्यांकडे नव्या क्लासची तारीफ करते.

दादा एकदा रिपोर्ट न्यायला लॅबमध्ये आला तेव्हा मला म्हणाला, की त्यानं लेकीला सुनावलं, आत्याला निदान फोन तरी कर, तिनं शिकवलं तुला. भाची म्हणाली, "तिनं शिकवलं नाही. मी विचारून घेतलं."

हे मी सुईला तिच्या खोलीवर जाऊन सांगितलं तेव्हा ती वॉर्डमधून आलेली होती. पायातले बूट काढत तिनं ऐकून घेतलं.

"बरोबर बोलली," ती म्हणाली. "मीही असंच म्हटलं असतं." आणि मग माझ्यावरच डाफरली, की घरातल्या गोष्टी इकडून तिकडे पोचवायची माझी खोड अजून गेली नाही.