घरातलं अर्धं मत

सोफ्यांना नवं कापड चढवण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता, आणि निवडणुकीवर बोलण्यात तर अख्ख्या गावात नव्हता. सगळे त्यांना सोफेवाले म्हणत. गावच्या निवडणुकीत सोळा वर्षांच्या पोरांना मत मिळावं, म्हणून सध्या ते नगरसेवकांच्या मागे हात धुऊन लागले होते. खुर्ची दुरुस्तीला आणणाऱ्याला आधी त्यावरचं भाषण ऐकावं लागे, खुर्चीचं नंतर.

घरातले मोठे निर्णयही हात वर करूनच होत. ते, त्यांची बायको आणि त्यांची आई यांचं एकेक मत, सोळा वर्षांच्या लेकीचं अर्धं. बरोबरी झाली तर आहे तसंच चालू ठेवायचं. आपल्या अर्ध्यानं कोणाचं काही अडत नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक. मोबाइलवरची नजर न काढता ती नुसतं बोट वर करायची.

पुढच्या खोलीतलं दुकान हलवून मोठ्या रस्त्यावर काचेचा गाळा घ्यायचा, हे सोफेवाल्यांचं किती दिवसांचं स्वप्न. गाळा रिकामा झाला तसं त्यांनी रविवारी मतदान जाहीर केलं. बायकोचा विरोध होता, पण आई कायम लेकाच्या बाजूनं. म्हणजे दोन विरुद्ध फार तर दीड. स्वारी खुशीत होती.

मग एकदा ते तोंडात बारीक खिळे धरून कापड ठोकत असताना बायको चहा घेऊन आली.

"अहो, बाहेर सोळाव्या वर्षी पूर्ण मत मागता," ती म्हणाली. "मग घरातली काय अर्ध्या डोक्याची आहे?"

तोंडात खिळे, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. खिळे काढल्यावरही आलं नाही. संध्याकाळी त्यांनी लेकीला पूर्ण मत देऊन टाकलं.

गंमत म्हणजे तेव्हापासून पोरीचा मोबाइल बाजूला पडला. ती गाळा बघून आली. बाबा सकाळी किती वाजता निघणार, जेवायला घरी येणार का, हे तिनं खोदून खोदून विचारलं. सुट्टीचा दिवस पुढच्या खोलीतच बसून काढला. सोफेवाल्यांना वाटलं, पोरीला धंद्यात गोडी लागली.

रविवारी तिनं हात वर केला नाही.

"गाळा मस्त आहे, बाबा," ती म्हणाली. "पण आजी दिवसभर इथं येऊन तुमच्याशी बोलते. तुम्ही काम करता करता नुसतं हं हं करता, तेवढंही तिला पुरतं. तुम्ही तिकडे, आई कामावर, मी शाळेत. मग ती कोणाशी बोलणार?"

आजीनं लगेच बजावलं, की आपण हात वर केला तो केला, आता तो कोणी खाली करायला लावू नये. दोन विरुद्ध दोन. गाळा गेला.

सोफेवाल्यांना फार वाईट वाटलं. गाळ्याचं वाटलं, आणि आईचं आपल्या कधी ध्यानातच आलं नाही याचं जास्त वाटलं. पण पोरीकडे बघून ऊर इतका भरून आला, की त्यांना धड रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं त्यांचं भाषण ऐकून नाक मुरडलं. या वयाची पोरं काय, बाप सांगेल त्याला मत देतील, असं त्याचं म्हणणं पडलं.

सोफेवाल्यांनी हातोडी खाली ठेवली आणि ते पोट धरून हसले.

"बाप कालच पडलाय," ते म्हणाले. "अर्ध्या मतानं. तेही त्यानं स्वतःच दिलेल्या."