तिसऱ्या कॅपवरचे ठिपके

समजा, तुमच्यापुढे जुन्या, देखण्या मोटारीचं एक वापरलेलं इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलंय. गाडीत बसवायचं की परत धाडायचं, ते तुम्ही सांगायचं. चालू करून बघायची सोय नाही. मग? प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने हळूच फिरवा. कुठे अडतंय का, खरखरतंय का, ते हाताला कळतं. वरून चकचकीत रंग मारलेला असेल तर जास्तच सावध राहा.

गॅरेजची ताई हे डोळे मिटून करते. अक्षरशः. डोळे मिटले की हात नीट ऐकतात, असं तिचे वडील, अण्णा, सांगत आलेत. अण्णांचे हात आता थरथरतात. ते दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच गॅरेज चालवतात. एका गिऱ्हाइकाची गाडी इंजिनाअभावी पडून होती, तिच्यासाठी भंगारवाल्याने हे पाठवलं होतं.

"फिरतंय का गं?"

"लोण्यासारखं."

"मग काहीतरी गडबड आहे. भंगारवाला कधीपासून लोणी विकायला लागला?"

ताई हसत हसत खालचं तेलाचं चेंबर सोडवायला वाकली. चेंबर हातात आलं आणि तिचं हसू थिजलं. जोडाच्या कडेने, पेस्टमध्ये दोरा बसवला होता. तेल गळू नये म्हणून तसा दोरा बरेच जण घालतात. पण मागच्या कोपऱ्यात बोल्टला वळसा घालून मारलेली दुहेरी गाठ, हा अण्णांचा हट्ट. त्या गाठीपायी तिने काय बोलणी खाल्ली होती! तिने आणि दादाने.

दादा, थोरला भाऊ. अण्णांशी कडाक्याचं भांडून घरची मोटार घेऊन निघून गेला. मग पुलाचा तुटका कठडा सापडला, खाली पुराचं पाणी. ना गाडी मिळाली, ना तो. पोलिसांनी हात टेकले. आई त्या धक्क्याने गेली. अण्णांनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

ताईने आत बॅटरी मारली. पिस्टनच्या दांड्यांच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या, खालच्या कॅप अदलाबदल होऊ नयेत म्हणून त्यांवर ठिपके ठोकतात. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, असे. तिसरीवर दोन ठिपके शेजारीशेजारी होते, आणि तिसरा पार कडेला, वाकडा.

घरच्या गाडीचं काम करताना दादाने घाईत तिथे दोनच ठोकले होते. अण्णा ओरडल्यावर तिसरा कसाबसा दडपला होता. दिवा तिनेच धरला होता.

ती फरशीवर बसली. हे नदीतून काढलं? पण आत गाळाचा कण नव्हता, गंजाचा डाग नव्हता. तिने पेस्टवर नख दाबलं. नख रुतलं. जुनी पेस्ट दगड होते. ही नुकतीच लावलेली होती. अशी गाठ मारणारी जगात तीन माणसं, आणि त्यातली दोन इथे बसली होती.

"काय झालं? तडा गेलाय का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. बघतेय अजून."

ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि तिने भंगारवाल्याला फोन लावला.

"काय ताई, केलंस ना नापास माझं लेकरू?"

"भाऊ, हे आणलं कुणी?"

"एक दाढीवाला. टेम्पोतून स्वतः उतरवलं, कुणाला हात लावू देईना. म्हणाला, गॅरेजवाल्या ताईलाच द्या, पण ती उघडून बघितल्याशिवाय बसवायची नाही. मी म्हटलं, बाबा, तिला चांगला ओळखतोस की! का गं, कोण होता?"

आतून अण्णांची हाक आली. तिने फोन तोंडाशी घट्ट धरला.

"भाऊ, नीट आठवून सांगा. जाताना त्याने अण्णा कसे आहेत, असं विचारलं का हो?"