हलक्या हाताचा बेस

“आवाज यायला पायजेल, राव!”

कार्यक्रम कुठलाही असो, बेस गिटारचा पट्टा खांद्यावर चढवताना भाऊ हे एकदा म्हणायचेच. मग उजव्या हाताची दोन बोटं पँटवर घासायची, पाय जरा फाकवून उभं राहायचं आणि विहिरीतून भरली बादली ओढावी तशी पहिली तार ओढायची. धाडकन आवाज यायचा. पुढच्या रांगेतली मंडळी खुर्चीतल्या खुर्चीत दचकायची आणि भाऊंचा चेहरा फुलायचा.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत चौथीला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात गाते. हळदी, गणपती, जयंती, गावोगावच्या जत्रा असे आमचे कार्यक्रम. ऑर्केस्ट्रा चालवतात ते कीबोर्ड वाजवणारे गृहस्थ, त्यांना आम्ही मास्तर म्हणतो. आणि बेस गिटारवर भाऊ. पिंपरी पेंढारला त्यांचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो.

भाऊ लहानपणी वडिलांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. तेव्हा माइक एकच, तोही गाणाऱ्यापुढे. मैदानात शेवटी बसलेल्या माणसापर्यंत ढोलकी पोचवायची तर हातातच ताकद हवी. पुढे ढोलकी सुटली, गिटार आली, माणसाच्या उंचीचे स्पीकर आले. हात मात्र तोच राहिला.

बेसची जाड तार सहसा तुटत नाही, असं मास्तर सांगतात. भाऊंनी ती ओझरला, ऐन गणपतीच्या कार्यक्रमात तोडली. तारेचं टोक सुटलं ते शेजारच्या ऑक्टोपॅडवाल्याची टोपी घेऊनच खाली गेलं. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ थांबले नाहीत. उरलेल्या तीन तारांवर गाणं संपवलं आणि खाली उतरल्यावर मास्तरांना विचारलं, “तिनावर बी आवाज आला का न्हाई?”

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यावर रागावता येत नाही, आणि त्याच्या शेजारी उभंही राहवत नाही. मला तर त्यांच्या शेजारीच उभं राहावं लागे. ते माझ्या डाव्या हाताला. माझा गळा खालच्या सुरांत बरा लागतो, पण मी तिथं उतरले की यांची तार अशी धडधडायची की माझं मलाच ऐकू यायचं नाही. एकदा मी म्हटलं, “भाऊ, जरा हळू घ्या ना.”

“व्हय बाई, चुकलंच.”

दोन ओळी हळू गेल्या. तिसरीला पुन्हा बादली विहिरीत.

मग लग्नसराईच्या तोंडावर त्यांच्या उजव्या हाताची तीच दोन बोटं अडकायला लागली. वाकली की सरळ होईनात. दुसऱ्या हातानं सोडवली की सांध्यात ‘कट’ असा आवाज व्हायचा. नारायणगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “आता दीड महिना विश्रांती. आणि नंतरही असंच ओढत राहिलात, तर चहाचा कप धरायला दुसऱ्याला बोलवावं लागेल.”

सरावाच्या दिवशी भाऊंनी हे हसत हसत सांगितलं. मास्तर हसले नाहीत. त्यांचाही नाइलाज होता, तारखा ठरलेल्या होत्या. “तुम्ही विश्रांती घ्या,” ते म्हणाले. “बेस मी कीबोर्डवर डाव्या हातानं काढतो. तसाही हल्ली सगळे तसाच काढतात.”

भाऊंनी गिटार कव्हरमध्ये घातली. अडकलेल्या बोटांमुळे चेन लागेना, ती मी लावून दिली. दारापाशी ते वळले. “आमी नुसतं ऐकायला आलं तर चालंल का?”

मास्तर कीबोर्डच्या वायरी गुंडाळायला लागले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी शेंगदाण्याच्या चटणीत माझा मिक्सर जळाला आणि मी त्यांच्या दुकानात गेले. वाजवणं बंद असलं तरी दुकान बंद ठेवून भागत नव्हतं. भाऊ बाकड्यावर बसून एका छोट्या मोटरची नवी तार गुंडाळत होते. दुखरी बोटं बाजूला सरळ ठेवलेली. डाव्या हातानं यंत्राचं हँडल फिरत होतं आणि उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांमधून तांब्याची तार सरकत होती, माझ्या केसापेक्षा जाड नसेल. मी बराच वेळ उभी होते, त्यांना पत्ता नव्हता.

“तुटत नाही ही?” मी विचारलं.

“वढली का लगीच तुटती. हिला वढायची न्हाई बाई. बोट नुसतं हाय म्हणून लावायचं, जायाची ती जाती.”

“मग गिटारची तार काय म्हशीचं दावं आहे?”

हँडल थांबलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. आणि असे हसले की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. “बाई, तुमी तर आमची पार शाळाच घेतली.”

दीड महिना त्यांनी गिटारला खरोखर हात लावला नाही. त्यानंतर जे सुरू केलं, ते मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. भाऊ कांद्याचा वाळका पापुद्रा तारांखाली ठेवायचे आणि वाजवायचे. तार जोरात ओढली की ती खाली आपटते आणि पापुद्रा फाटतो. फाटला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. “घरात कांदा चिरायची चोरी झालीय,” वहिनी म्हणाल्या. “आदी सालं यांच्या ताब्यात द्यायची, मग भाजी. पयल्या दिशी टोपलंभर फाडली. काल चार फाटली फक्त.” सांगताना त्यांचाही आवाज जरा चढला होता, नवऱ्याच्या कौतुकाचा आकडा सांगताना चढतो तसा.

मास्तरांनी त्यांना एक संधी दिली, आणे गावातल्या जयंतीच्या कार्यक्रमात. जमलं तर ठीक, नाहीतर डावा हात आहेच.

संध्याकाळी पठारावर छान वारा होता. वंदना झाली, पहिलं गाणं सुरू झालं, आणि बेस कुठंच ऐकू येत नव्हता. साउंडवाल्याला भाऊंचा जुना हात माहीत, त्यानं सवयीनं बेसचं बटण पार खाली ठेवलेलं. मास्तरांनी एकदा भाऊंकडे रोखून पाहिलं आणि त्यांचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांकडे सरकू लागला.

मला भाऊंचं बोट दिसत होतं. ते आकड्यासारखं वाकलं. आता ओढणार, मी मनात म्हटलं, ओढणार आणि बोटही जाणार आणि जागाही.

त्यांनी ओढलं नाही. वाजवत वाजवतच ते स्टेजच्या कडेला गेले, साउंडवाल्याची नजर मिळेपर्यंत तिथं उभे राहिले आणि हनुवटी वर केली. वाढव. त्यानं वाढवलं. पुन्हा हनुवटी वर. त्यानं अजून वाढवलं.

आणि मग तो आवाज आला. धडधड नाही, खडखड नाही. उसाच्या सरीतून पाटाचं पाणी पुढं पुढं जावं, तसा गोल आणि भरलेला. भाऊंची बोटं तारांवरून धूळ पुसावी तशी फिरत होती. दुसऱ्या कडव्यात मी खालच्या सुरात उतरले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्टेजवर मला माझा तो आवाज ऐकू आला. क्षणभर मी शब्दच विसरणार होते. मास्तरांकडे पाहिलं, तर त्यांचा डावा हात मांडीवर निवांत पडलेला.

कार्यक्रमानंतर एक आजीबाई मला भेटायला आल्या. “पोरी, आज तुझं गाणं समाजलं बग. गेल्या साली नुसतंच धाड धाड व्हतं.”

मी जीभ चावली, कारण भाऊ मागेच उभे होते. पण सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. “आजी, त्यो धाड धाडवाला गेला. मी त्याचा धाकटा भाऊ.”

त्या हातानं भाऊंनी पुढे दोन वर्षं वाजवलं. बोट पुन्हा अडकलं नाही. नव्या पोरांनी युक्ती विचारली, तर म्हणायचे, “जोर स्पीकरला लावू द्या. त्याला लाइट लागती, आपल्याला भाकर लागती.” मग त्यांच्या मुलीला साताऱ्याकडे नोकरी लागली, नात झाली, आणि दुकान पुतण्यावर सोपवून नवरा-बायको तिकडे गेले. गिटार बरोबर नेली. फोनवर सांगत होते, नात तारा ओढते, लई जोर हाय पोरीच्या हातात.

आता मास्तर बेस डाव्या हातानं काढतात. तो वेळेवर असतो, कधी चुकत नाही. मी मात्र खालच्या सुरात उतरताना अजून डावीकडे बघते. तिथं कुणी नसतं, पलीकडे साउंडवाला असतो. त्याला वाटतं मला आवाज कमी पडतोय. तो बिचारा लगेच बटण वाढवतो, आणि मी मान डोलावून गात राहते.