मंदाकिनीचा बोर्ड पाण्यात

मंदाकिनी सोनवणे बावीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात पाण्याच्या पंपांच्या सर्किट बोर्डांना लेप लावते. लेप म्हणजे नेलपॉलिशसारखा पातळ, पारदर्शक थर. तो नीट वाळला की बोर्ड भिजला तरी जळत नाही. निदान तिला तसं सांगितलेलं आहे. स्वतः तिने ते कधी पाहिलेलं नाही. बोर्ड खोक्यात जातात, खोकी टेम्पोत, आणि टेम्पो कुठे जातो ते तिच्या टेबलावरून दिसत नाही.

पहिल्या वर्षी वासाने डोकं उठायचं. लेक क्षिप्रा पोटात असताना सहा महिने तिला पॅकिंगला बसवलं, तेव्हा मात्र हात शिवशिवायला लागले. परत आली ती थेट ब्रश घेऊन. जांभळ्या दिव्याखाली धरला की लेप निळा चमकतो आणि सुटलेली जागा काळी दिसते. तिच्या बोर्डावर काळा ठिपका शेवटचा कधी सापडला, ते सुपरवायझर प्रशांतलाही आठवत नाही.

कामात अशी पक्की असलेली बाई घरी मात्र घाबरट. क्षिप्राला यायला दहा मिनिटं उशीर झाला की ही कोपरीच्या नाक्यापर्यंत चालत जाणार. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मुलगी कॉलेजच्या रिमोट-गाड्यांच्या टीममध्ये गेली, तेव्हा तिला हायसंच वाटलं होतं. खऱ्या बाइकवर बसण्यापेक्षा हे बरं.

मग सरावात क्षिप्राची गाडी डबक्यात गेली आणि मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर जळाला. पाणी लागू नये म्हणून तिने त्याच्यावर फुगा चढवला होता. फुग्याच्या आत वाफ धरली आणि तीच नडली. टीमचा कॅप्टन मुकुल याने स्वतःचा कंट्रोलर काढून दिला, पण सगळ्यांसमोर म्हणाला, "बर्थडे पार्टी नाहीये ही. हा उडाला ना, तर परत रिमोटला हात लावायचा नाही."

घरी येऊन क्षिप्रा कोपऱ्यात बसली.

"मी रडत नाहीये."

"मग नाक कशाला पुसतेस? दे तो कंट्रोलर इकडे. रिमोटचं ऐकतो तो रिसिव्हरपण दे. मी करते."

मंदाकिनी बोलून तर गेली. पंप कुठे जळले तर तिला कळत नव्हतं. इथे जळलं तर लेकीचं तोंड रोज बघायचं होतं.

प्रशांतने बाटलीच्या तळाचा लेप, त्याच्या सोबतीचं सामान आणि जांभळा दिवा दोन दिवसांसाठी दिला. शुक्रवारी संध्याकाळी तिने खिडकीत पेपर पसरून रोज टेबलावर करते तस्संच सगळं केलं, लेपाचे दोन हात मारले, दिव्याखाली चार वेळा तपासलं आणि वाळायला ठेवलं. शनिवारभर कुणाला खिडकीकडे फिरकू दिलं नाही.

रविवारी स्पर्धा होती. कल्याणच्या मैदानावर टँकरने भरलेला लांबट खड्डा होता, वीतभर पाण्याचा. त्यातून तीन फेऱ्या. क्षिप्राने तिथेच गाडी जोडली. "आई, प्लग जरा घट्ट जातायत," ती म्हणाली. नवीन लेपामुळे असेल, असं दोघींना वाटलं. बॅटरी लावली, रिमोट दाबला. गाडी ढिम्म.

पुन्हा दाबला. काही नाही.

"काकू, फर्निचरचं वार्निश तर नाही ना लावलंत?" मुकुलने विचारलं. दोघंतिघं हसली. क्षिप्रा हसली नाही. तिच्या नंबराला पाच मिनिटं उरली होती.

मंदाकिनीला काही ऐकू येईना. तिने मनातल्या मनात टेबल मांडलं. पिनांवर दूध, मग लेप, मग दिवा, मग ट्रे पुढे सरकवायचा...

"अगं बाई, रंगूबाई!"

"कोण रंगूबाई?" मुकुल म्हणाला.

प्लग बसतो त्या पिनांवर लेप बसला तर वीज जात नाही. म्हणून आधी तिथे पातळ पांढरं रबर लावतात, त्याला कारखान्यात दूध म्हणतात. वाळलं की ते दिसतसुद्धा नाही. लेपानंतर ते सोलून काढायचं काम पुढच्या टेबलावरच्या रंगूबाईचं. बावीस वर्षांत मंदाकिनीने एकदाही ते सोललं नव्हतं. ट्रे पुढे सरकला की तिचं काम संपत असे. घरी ट्रे सरकवायचा तर पुढे रंगूबाई नव्हती.

"काढ ते प्लग. सगळे."

बांगडीतली सेफ्टी पिन काढून ती खाली मातीतच बसली. पिनेचं टोक तिने प्लगच्या जागी हलकेच टेकवलं. सायीसारखी बारीक सालपटं निघत गेली. शेवटचं निघालं, क्षिप्राने प्लग खोचले, रिमोट दाबला आणि चाकं गरगरली.

पहिल्या फेरीला मंदाकिनीने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या फेरीला एकच उघडला. गाडी खड्ड्यात शिरली, टपापर्यंत बुडाली, पलीकडून गाळ उडवत वर आली. तिसऱ्या फेरीला ती दोरीजवळ उभी राहून ओरडत होती, "डावीकडे घे गं, डावीकडे!"

नंबर चौथा आला. क्षिप्राने गाडी आणून आईच्या हातात दिली. मंदाकिनीने झाकण उघडलं. कंट्रोलरची डबी भिजलेली, आतल्या बोर्डावर पाण्याचे थेंब बसलेले, आणि बोर्डावरचा बारीक दिवा शांतपणे लुकलुकत होता.

मुकुल खांद्यावरून वाकला. "काकू, पाणी आत गेलंय की!"

"गेलंय ना," ती म्हणाली. तिने बोर्ड जरासा कलता केला, एक थेंब घरंगळून तिच्या तळहातावर पडला. "जाऊ दे."