गोळीचा मंगळवार

डेल्मिरा तेचेराच्या घरी पाहुणा गेला की आधी हात धुवायचे, मग माते, आमचा कडू पाल्याचा चहा. पाहुणा कुरणाचा मुकादम असो नाहीतर पाद्री, दाराशी बादली आणि साबणाची वडी तयार असते. मागून लोक तिला साबणवाली म्हणतात. म्हणोत. त्यांची पोटं शाबूत आहेत.

तिचं नाही. अकरा वर्षांची असताना राजधानीच्या इस्पितळात तिचं पोट फाडलं आणि यकृतातून लहान भोपळ्याएवढी पाण्याची पिशवी काढली. उजव्या बरगडीखाली वीतभर वण आहे. शेजारच्या खाटेवर तिचा धाकटा भाऊ होता, त्यालाही तेच. त्याची पिशवी टेबलावरच फुटली. जाताना घरातून दोन मुलं गेली, येताना एक आलं. तेव्हापासून या बाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, की आपल्या पोटचं कुणी त्या टेबलावर चढू नये. बाकी सगळ्याला ती राजी होती. पत्र्याच्या घराला, वाऱ्याला, महिनोन्महिने न बोलणाऱ्या नवऱ्यालासुद्धा.

हा रोग कसा होतो ते मी तीस वर्षं फळ्यावर काढत आले आहे. मेंढी कापली की तिच्या कलेजीत, फुप्फुसात पाण्याचे फोड असतात. ते कच्चं कुत्र्याला टाकलं की त्याच्या पोटात किडा होतो, केसाएवढा. किड्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून त्याच्या अंगावर, जिभेवर, गवतावर. तिथून मुलाच्या हातावर, हातातून तोंडात. मग मुलाच्या पोटात पिशवी वाढू लागते, आणि वर्षानुवर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. किती सोपं आहे. पाचवीतल्या पोरालाही कळतं. त्याच्या बापाला कळत नाही, कारण त्याच्या बापाने कच्चं टाकलं होतं, आणि त्याच्याही बापाने.

डेल्मिराच्या घरी मात्र कच्चं टाकत नसत. शनिवारी तिचा नवरा नेल्सन घरासाठी मेंढी कापायचा, आणि ती आतडी-कलेजी पत्र्याच्या डब्यात घालून तासभर उकळायची. वास इतका यायचा की मुलगा यामांदू नाक धरून मागच्या दाराने पळायचा. कुत्रे अंगणाच्या तारेबाहेर. मुलांना लाड करायचे असले तर कोकराचे करा, असा नियम. आई मेलेलं एक कोकरू त्यांनी बाटलीने वाढवलं होतं. नेल्सनने त्याचं नाव आमदार ठेवलं, कारण फुकट खातो आणि दिवसभर बें बें करतो. वर्षभरात नेल्सनने केलेला तेवढा एकच विनोद. आमदाराने धाकट्या झुल्माची गणिताची वही खाल्ली तेव्हा ती चिठ्ठी घेऊन शाळेत आली. आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाई, वही खरंच मेंढीने खाल्ली आहे. पानं मोजून पाहावीत.' मी मोजली. सोळा कमी होती.

यामांदू तेव्हा नऊचा, झुल्मा सातची. भांडायची, एका घोड्यावर बसून यायची, मागे कोण बसणार यावरून रोज रडारड. चारचौघांसारखं घर.

मग नेल्सनची आई वारली आणि त्याचा बाप राहायला आला. त्याला सगळे ताता म्हणत, सूनसुद्धा. ऐंशीच्या घरातला, ताठ, स्वच्छ, बायकोच्या आठवणीने कधी मध्येच गप्प होणारा. वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर काम सोपं होतं. त्याच्याबरोबर त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा कुत्रा आला, बार्सिनो. असा कुत्रा मी पाहिला नाही. शिट्टीही नको, म्हाताऱ्याने हनुवटी हलवली की चारशे मेंढ्या वळवायचा. झुल्मा त्याच्या मागे वेडी झाली. तारेतून हात घालून त्याचे कान ओढायची, तो तिचं तोंड चाटायचा, डेल्मिरा आतून ओरडायची, पोरगी बादलीकडे पळायची. दिवसातून दहादा.

उकडलेल्या डब्यावरून ताता कुरकुरला. म्हणाला, असलं मऊ खाऊन कुत्रा पाद्र्यासारखा होतो, झोपतो आणि आशीर्वाद देतो. डेल्मिराने ऐकून घेतलं आणि डबा चुलीवर चढवला. त्यानंतर तो विषय निघाला नाही. तिला वाटलं, मानलं त्याने. मलाही तसंच वाटलं असतं.

दुसरी गोष्ट गोळीची. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शहरातून एक माणूस मोटारसायकलवर येतो, वस्तीवस्तीवर कुत्रे मोजतो आणि प्रत्येकाला मांसाच्या गोळ्यात घालून औषधाची गोळी खिलवतो. हल्लीची गोळी साधी आहे, कुत्र्याला कळतही नाही. पण पूर्वी दुसरं औषध होतं, त्याने कुत्रे तासभर लोळायचे, पोट रिकामं होईस्तोवर. त्या औषधाने ताताची एक कुत्री त्याच्या मांडीवर मेली होती. ही गोष्ट त्याने डेल्मिराला सांगितली नाही, मलाही नाही. नातीला सांगितली.

आता माझं सांगते, कारण लपवून काय करू. मंगळवारी झुल्मा शाळेत उशिरा यायची. दर मंगळवारी नाही, महिन्यातून एकदा. यामांदू वेळेवर, एकटा घोड्यावर, आणि ही तासाभराने चालत, गळ्यातला गणवेशाचा निळा बो वाकडा, मोज्यांना कुसळं. मी हजेरीपुस्तकात 'उशिरा' लिहायची आणि पुढे जायची. घरात आईला मदत करत असेल, असं मीच ठरवून टाकलं. बाईने विचारायचं असतं. मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, मी फळ्यावर पुन्हा तेच चित्र काढलं, मेंढी, कुत्रा, मूल, बाण. झुल्माने हात वर केला.

"बाई, जो कुत्रा गोळी खात नाही, त्याचं काय होतं?"

"त्याच्या पोटात किडा राहतो."

"आणि तो तोंड चाटतो, तर?"

पोरं हसली. यामांदू हसला नाही. तो बाकाच्या लाकडाकडे बघत बसला होता, कानापर्यंत लाल. खडू माझ्या हातात होता तो मी खाली ठेवला.

शाळा सुटल्यावर मी त्या दोघांबरोबर गेले. वाटेत झुल्माने सगळं सांगितलं, रडत नाही, हिशेबाने. पहिल्या मंगळवारी ताता बार्सिनोला तिच्या हाती द्यायचा आणि ती त्याला ओढ्याकाठच्या झाडीत घेऊन बसायची, मोटारसायकलचा आवाज लांब जाईपर्यंत. त्याने भुंकू नये म्हणून त्याचं तोंड छातीशी धरून. गोळीवाल्याला ताता सांगायचा, कुत्रा लांबच्या कुरणात आहे, पुढच्या खेपेला. यामांदूला माहीत होतं. त्याने चुगली केली नाही, कारण चुगली करू नये असं मीच शिकवलं होतं.

डेल्मिरा दुधाचा पाक ढवळत होती. आमदार आता चांगला दांडगा झाला होता, दाराला धडका देत होता. तिने सगळं ऐकलं आणि ढवळणं थांबवलं नाही.

"किती वेळा?" तिने मुलीला विचारलं.

झुल्माने बोटं मोजली, बोटं संपली, पुन्हा सुरुवात केली. "चौदा."

ताता अंगणातून आत आला होता. डेल्मिराने पातेलं खाली उतरवलं आणि विचारलं, कच्चंही देत होता का? तो म्हणाला, थोडंसं. कामाचा कुत्रा आहे, गरम फुप्फुसाचा एक तुकडा, नेल्सन कातडं ताणत असायचा तेवढ्यात. मग तिच्या तोंडाकडे बघून घाईने म्हणाला, "मी काय येडा आहे का, डेल्मिरा? फोड दिसला की मी सुरीने टोचतो. पाणी जमिनीवर सोडून देतो, पार निथळेपर्यंत. मग उरतं ते नुसतं मांस."

आमच्या भागात ही चूक न केलेला म्हातारा मला दाखवा. पाणी वाईट, हे त्यांना कळलेलं असतं. पिशवीच्या आतल्या कातडीला वाळूसारखे कण चिकटून राहतात आणि तोच किडा, हे कळलेलं नसतं. काही न कळणारा माणूस निदान बेफिकीर असतो. अर्धं कळलेला माणूस काळजीपूर्वक विष वाढतो.

डेल्मिरा म्हणाली, "माझा बापही टोचूनच द्यायचा, ताता."

म्हातारा खाली बसला. खुर्ची आहे की नाही तेही त्याने पाहिलं नाही, सुदैवाने होती.

संध्याकाळी नेल्सन आला, त्याला कळलं, आणि त्याने भिंतीवरची बंदूक काढली. डेल्मिरा दारात उभी राहिली. "ठेव ती जागेवर. कुत्र्याने काय केलं? वाढलं ते खाल्लं." मग तिने निकाल दिला. गोळीवाल्याकडून दर महिन्याला गोळी आणून ताता स्वतःच्या हाताने देतील, झुल्मासमोर. तीन दिवस कुत्रा साखळीला, त्याची घाण जाळायची, तीही तातांनी. म्हाताऱ्याने मान हलवली. त्या दिवसापासून झुल्मा कुत्र्यापासून दहा पावलांवर बसून त्याला शाळेतल्या गोष्टी सांगायची. तो साखळी ताणून ऐकायचा.

दोन महिन्यांनी पोटात बघायचं यंत्र घेऊन एक गाडी शाळेत आली. माझ्या टेबलावर चादर टाकली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या, आणि अख्खा गाव एकेक करून सदरा वर करून आडवा झाला. नेल्सन साफ. यामांदू साफ. ताता झोपायला तयार नव्हता, सुनेने दंड धरून झोपवला. ऐंशी वर्षांचा माणूस, जन्मभर कुत्र्यांच्यात, पोट धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ. तो उठला तेव्हा त्याला लाज वाटत होती, हे मी पाहिलं.

झुल्माच्या पोटात एक काळा ठिपका होता. द्राक्षाएवढा.

डॉक्टरीण तरुण होती, समजूतदार. म्हणाली, बरेचदा अशा गाठी वाढतच नाहीत, आपोआप सुकतात. गोळ्या देते, दर आठ महिन्यांनी बघू. डेल्मिराने विचारलं, किती वर्षं बघायचं? डॉक्टरीण म्हणाली, ते सांगता येत नाही.

त्यानंतर त्या घरात मी कधी मोठ्याने भांडण ऐकलं नाही, आणि मला ते आवडलं नाही. मुलं भांडावीत. यामांदू घोड्यावर मागची जागा आपणहून घ्यायचा. झुल्माला कुणी धक्का देत नसे, चढ म्हणत नसे, पळ म्हणत नसे. तिला पडायला बंदी होती. मार लागला तर आतली पिशवी फुटेल, म्हणून. नऊ वर्षांच्या पोरीला न पडता राहायला सांगून बघा. एकदा आमदाराने तिला मागून धडक दिली, ती गुडघ्यांवर गेली, आणि चुलीपासून डेल्मिरा ज्या वेगाने धावली तो वेग मी विसरणार नाही. पोरगी उठून हसत होती. आईने तिला तासभर खाटेवर झोपवून नाडी धरून ठेवली. रविवारी आमदाराला दुसऱ्या वस्तीवर देऊन टाकलं. झुल्मा दोन दिवस आईशी बोलली नाही.

दुसऱ्या तपासणीत ठिपका तेवढाच होता. त्या दिवशी डेल्मिराने पोळ्या तळल्या, आमच्याकडे पावसातच तळतात त्या, पाऊस नसतानाही, आणि आम्हा सगळ्यांना साखर लावून दिल्या. तातानेही चार खाल्ल्या. तिसऱ्या वेळी लिंबाएवढा. गोळ्या वाढवल्या, पोरीचे केस विरळ झाले, तोंड कडू. चौथ्या वेळी डॉक्टरीण यंत्र फिरवत राहिली, फिरवत राहिली, मग पडदा आपल्याकडे वळवून तिने डेल्मिराला बाजूला बोलावलं.

"इथेच सांगा," डेल्मिरा म्हणाली. "पोट तिचं आहे."

गाठ मोसंब्याएवढी झाली होती आणि यकृताच्या कडेला आली होती. थांबण्यात अर्थ नव्हता. ऑगस्ट संपायच्या आत ऑपरेशन.

झुल्माने सदरा खाली ओढला आणि विचारलं, "दुखेल?"

"दुखेल."

"आणि आत फुटली तर? मामाची फुटली तशी?"

डेल्मिराने मुलीच्या सदऱ्याची गुंडी लावली, ती चुकीच्या काजात गेली, काढून पुन्हा लावली.

काल सकाळच्या बसने दोघी राजधानीला गेल्या. ताता हमरस्त्यापर्यंत आला होता. आपल्याला नेता येईल का, असं त्याने ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, तिकीट काढा आणि बसा. ताता म्हणाला, तसं नाही, त्या पोरीऐवजी. ड्रायव्हरला काही कळलं नाही. डेल्मिराने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "घरी जा, ताता. थंडी आहे." दोन वर्षांत ती त्याच्याशी मऊ आवाजात बोलली ती तेवढीच.

शुक्रवारी सकाळी आठला झुल्माला आत नेणार आहेत. आज बुधवार. माझं निवृत्तीचं वय उलटून गेलंय, जागेवर दुसरी बाई येत नाही म्हणून शाळा अजून माझ्याकडे आहे आणि गावचा फोनही. नेल्सन आज दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला चिडून म्हटलं, अरे, शुक्रवारी ये, आज कोण कशाला फोन करतंय. तो हो म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसला. मी वर्गात परत आले. यामांदू पुढच्या बाकावर बसून फोनच्या दिशेने कान लावून होता, आणि मी त्याला पुस्तकात बघ म्हणाले नाही.